मावशीनं टचिंग सोडलं

माझी मावशी तेवीस वर्षं एका फोटो स्टुडिओत कामाला होती, पण त्या तेवीस वर्षांत तिनं स्वतः एकही फोटो काढला नव्हता. तिचं काम टचिंगचं. मालकांनी काढलेल्या फोटोतले डाग, मुरुम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या नाहीशा करायच्या. आधी बारीक ब्रशनं आणि टोकदार पेन्सिलीनं, नंतर कॉम्प्युटरवर. स्टुडिओच्या मागच्या खोलीला खिडकी होती, पण ती काळ्या कागदानं बंद केलेली. तिथे ती दिवसभर डोळ्यांत तेल घालून परक्यांचे चेहरे साफ करत बसायची. सवय इतकी अंगात मुरलेली की घरी पाहुणे आले तरी ती त्यांच्याकडे एकटक बघायची आणि ते गेल्यावर म्हणायची, "त्यांच्या हनुवटीवरचा तो मस दोन मिनिटांचं काम आहे."

लहानपणापासून काडीसारखी, म्हणून माझी आई तिला बारके म्हणायची. मावशीनं लग्न केलं नाही. आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर ती राहायची आणि जेवायला खाली आमच्याकडे यायची.

मालकांचे गुडघे कामातून गेले आणि त्यांनी स्टुडिओ बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मावशीच्या हातात स्वतःचा कॅमेरा ठेवला.

"मला काय येतंय यातलं?" मावशी म्हणाली.

"तू जितके चेहरे पाहिलेस तितके मीसुद्धा पाहिले नसतील. बटण दाबायला काय लागतं?"

"आणि दिवे?"

"दिवे विकले. बाहेर आहे की एक मोठा. त्याला बिल येत नाही."

त्या मोठ्या दिव्यानं मावशीला पहिल्याच दिवशी इंगा दाखवला. स्टुडिओच्या काउंटरवर बसणारी तिची मैत्रीण नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन बागेत आली. भरपूर उजेड हवा म्हणून मावशीनं त्यांना बोलावलं दुपारी साडेबाराला आणि उभं केलं हिरवळीच्या मधोमध. फोटोत चौघांचेही डोळे मिटल्यासारखे, डोळ्यांच्या जागी खड्डे आणि नाकाखाली काळीशार सावली. मैत्रीण फोटो बघून म्हणाली, "अगं, यांना मिशी आहे ते मला माहीत होतं. मला कधी फुटली?" मावशी रडवेली झाली आणि मग दोघी पोट धरून हसल्या. मैत्रीण वाईट वाटून न घेता पुढच्या रविवारी पुन्हा आली, सकाळी आठला. ती आली नसती तर मी कॅमेरा कपाटात टाकला असता, असं मावशी अजून सांगते.

मधल्या आठवड्यात तिनं मला रोज बागेत नेऊन बसवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. झाडाखाली, भिंतीलगत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, सकाळी सातपासून. झाडाच्या सावलीत पानांतून ऊन ठिबकतं आणि चेहऱ्यावर चट्टे पडतात, हे तिला कळलं. सावलीच्या अगदी कडेला माणूस उभा केला आणि समोर मोकळं आकाश असलं की चेहरा मऊ दिसतो, हेही कळलं. पण एक बाजू काळोखीच राहायची. मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "थर्माकोलचा पांढरा तक्ता घे. कुणालातरी धरायला लाव. ऊन त्यावर पडून चेहऱ्यावर उडालं पाहिजे."

तक्ता धरायला आई तयार झाली. याचं आम्हाला नवल वाटलं, कारण कॅमेरा दिसला की आई खोलीबाहेर जायची.

त्याचं कारण सांगायला हवं. मी सात वर्षांची असताना एका सकाळी आई दात घासत होती आणि चूळ ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागली. चेहऱ्याच्या डाव्या बाजूची नस गेली होती. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं बरं होतं. आईचं निम्मं बरं झालं. तिचं बोलणं नीट झालं, जेवणं नीट झालं, पण हसली की उजवी बाजू हसायची आणि डावी जागच्या जागी राहायची. डावा डोळा पुरता मिटत नसे, वाऱ्यात त्यातून पाणी यायचं. ती सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर काम करायची आणि तिथे ती शिस्तीची, कडक बाई म्हणून प्रसिद्ध होती. खरं तर ती कडक नव्हती, हसायचं टाळत होती. त्या सकाळनंतर तिचा एकही फोटो नव्हता. माझ्या शाळेच्या निरोप समारंभात सगळ्या आया रांगेत उभ्या राहिल्या आणि माझी आई सगळ्यांच्या पर्सा सांभाळत बाजूला थांबली.

तक्त्यामागे मात्र ती सुखी होती. तिथे तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तक्ता तिच्या छातीपर्यंत यायचा आणि वारा सुटला की तिला घेऊन चार पावलं पळायचा. "बारके, मी उडाले तर वाचनालयात कळव," असं ती ओरडायची आणि समोरची अवघडलेली माणसं एकदम सैल व्हायची. ते पाहून मावशीनं बटण दाबायची वेळ ओळखली. माणसांना 'हसा' म्हणणं तिनं सोडूनच दिलं.

रविवारमागून रविवार दोघी जायला लागल्या. शेजारी आले, मैत्रिणी आल्या, मग ओळखीच्यांच्या ओळखीचे. नव्या बाळाचे आईबाप, निकाल लागलेल्या मुली, मैदानावर सकाळी पळणाऱ्या बायकांचा अख्खा गट.

पण घरी आल्यावर मावशी जुन्या वळणावर जायची. कॉम्प्युटर लावायची आणि सगळ्यांना टचिंग करायची. सुरकुत्या गेल्या, डाग गेले, हातावरच्या शिरा गेल्या. सांगितलेलं नसतानाही.

एकदा एक नर्स तिच्या वडिलांना घेऊन आली. आजोबा जन्मभर सुतारकाम केलेले, ब्याऐंशी वर्षांचे. तळ्याकाठच्या बाकावर दोघांना बसवून मावशीनं फार सुंदर फोटो काढले. चार दिवसांनी नर्स फोटो न्यायला आमच्याकडे आली, सोबत आजोबाही. मावशीनं मोठा फोटो त्यांच्या हातात दिला. आजोबांनी तो लांब धरला, जवळ धरला, मग चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"झकास आहे," ते म्हणाले. "कुणाचा आहे?"

"अहो बाबा, तुमचाच!" नर्स म्हणाली.

"माझा कसा असेल? याच्या हाताला कधी रंधा लागलेला नाही. हा कुणीतरी बँकेतला साहेब दिसतोय."

नर्स लाजून वडिलांना गप्प करायला लागली, पण मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. ती वर गेली आणि टचिंग न केलेला फोटो छापून घेऊन आली. आजोबांनी तो पाहिला आणि स्वतःच्या अंगठ्यावरच्या जुन्या घट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "हां. हा आला बघ. राम राम!" फोटोतल्या स्वतःला त्यांनी राम राम घातला.

ते गेल्यावर मावशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. आई भांडी पुसत होती.

"ताई, तेवीस वर्षं मी लोकांची माणसं बदलून दिली गं," मावशी म्हणाली.

"लोकांनीच सांगितलं होतं ना तसं? नोकरी होती तुझी. आता एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

"आता नाही करणार. जे आठवड्याभरात आपोआप जाणार आहे, मुरुम, खरचटलेलं, ते काढीन. जे कायमचं आहे ते राहील."

 आईनं हातातली ताटली दोनदा पुसली.

पुढे दोन-तीन महिने गेले असतील. एका रविवारी यायचे होते ते लोक आलेच नाहीत, मुलाला ताप आला म्हणून फोन आला. ऊन छान होतं आणि त्या दिवशी मीही सोबत गेले होते. मावशी सामान आवरायला लागली. आईनं तक्ता माझ्या हातात दिला आणि सावलीच्या कडेला, जिथे मावशी लोकांना उभं करायची, तिथे जाऊन उभी राहिली.

"काय झालं?" मावशीनं विचारलं.

"माझं कायमचं आहे," आई म्हणाली. "काढ."

मावशीनं कॅमेरा उचलला, पण घाईघाईत पहिले आठ-दहा फोटो हललेलेच आले. शिवाय आई तोंड घट्ट मिटून, वाचनालयात उशिरा पुस्तक आणणाऱ्याकडे बघावं तशी बघत होती. मावशीनं तिला उन्हाकडे पाठ करून वळवलं, म्हणजे डाव्या डोळ्याला त्रास होणार नाही. तरी जमेना. मग मी तक्ता जरा वर केला, नेमकी वाऱ्याची झुळूक आली आणि मी तक्त्यासकट फुलझाडांच्या वाफ्यात बसले. माळीबुवा लांबून ओरडले. आई हसली. उजव्या बाजूनं पुरती, डाव्या बाजूनं जेवढी जमेल तेवढी, डाव्या डोळ्यातून पाणी, केस उडालेले.

घरी आल्यावर मावशीनं तो फोटो पडद्यावर मोठा केला आणि खुर्चीतून उठली. "मी हात लावणार नाही. तूच बघ आणि तूच ठरव, ठेवायचा की पुसायचा."

आईनं खुर्ची ओढली. खूप वेळ बघत होती. मी दाराशी उभी होते. शेवटी ती म्हणाली, "मी अकरा वर्षं समजत होते, याहून वाईट दिसत असेल." मग नाक पुसून म्हणाली, "केस विंचरायला हवे होते." तिनं त्याच्या तीन प्रती काढायला लावल्या. एक मला दिली. माझ्याकडे आईचा फोटो आहे, हे मी त्या दिवशी वर्गातल्या मैत्रिणींना काही कारण नसताना फोन करकरून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दोघी मालकांकडे गेल्या. मालक खुर्चीत पाय लांब करून बसले होते. त्यांनी भिंग मागवलं आणि फोटोवरून इंचाइंचानं फिरवलं. मावशी शाळेत उभी असल्यासारखी उभी.

"मागचा विजेचा खांब यांच्या डोक्यातून उगवलाय," ते म्हणाले.

"हो," मावशी म्हणाली.

"टचिंग?"

"नाही."

मालकांनी भिंग खाली ठेवलं. "मी चाळीस वर्षं लोकांना सरळ बसा, हसा, हलू नका सांगितलं. इतकं मोकळं माणूस माझ्या एकाही फोटोत आलं नाही, पोरी."

मावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुम्ही कॅमेरा दिला नसता तर..."

"कॅमेऱ्याला धूळच खायची होती. ते सोड. आमच्या हिचा आणि माझा एकत्र फोटो नाही घरात. मी कायम कॅमेऱ्यामागे. एक रविवार आम्हाला देशील?"

त्या रविवारी रिक्षा बागेच्या फाटकापर्यंत नेली आणि मालकांना दोन्ही बाजूंनी धरून बाकावर बसवलं. बसल्या बसल्या त्यांचं सुरू झालं. उजेड डावीकडून घे, जरा खाली वाक, आता नको, ढग जाऊ दे. मावशीची तारांबळ उडाली. मालकीणबाई नवऱ्याकडे बघून मान हलवत होत्या. शेवटी आईनं तक्ता खाली ठेवला, पुढे झाली, वाचनालयातला आवाज लावला आणि म्हणाली, "मालक, शांतता राखा. आज तुम्ही गिऱ्हाईक आहात."

मालक चपापले. मालकीणबाई खळखळून हसल्या, त्यांच्याकडे बघून मालकही हसले आणि मावशीनं बटण दाबलं.