भिंतीआडचा आवाज

नकला हुबेहूब करायचा म्हणून त्याला सगळे पोपट म्हणत. नाटक कंपनी बुडाली आणि तो घरी बसला. मग एका प्राध्यापकांनी त्याला काम दिलं: भिंतीआड बसून ओरडायचं. पलीकडे बोलावलेल्या माणसाला वाटायचं, आपण बटण दाबलं की आतल्याला विजेचा झटका बसतो. झटका कसला नि काय, पोपट नुसता विव्हळायचा. साहेबानं सांगितलं म्हणून माणूस कुठवर जातो, ते प्राध्यापकांना बघायचं होतं. घरी मात्र याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी ताकीद होती.

एका दुपारी पलीकडून ओळखीचं खाकरणं आलं आणि पोपटानं कान टवकारले. दादा! लोकांच्या दाढ्या करून, पोटाला चिमटा घेऊन ज्यानं त्याला वाढवलं, तो थोरला भाऊ. जाहिरात वाचून आला असणार. पोपट उठलाच होता, पण दारात उभ्या प्राध्यापकांच्या सहायकानं बसायची खूण केली. तो बसला. आणि ओरडला.

“साहेब, थांबू का? सोसवत नाहीये त्याला,” दादानं विचारलं.

“चालू ठेवा,” प्राध्यापक म्हणाले.

दादा शेवटच्या बटणापर्यंत गेला.

मग दार उघडून प्राध्यापक हसत म्हणाले, “घाबरू नका, हा आमचा नट. कुणाला काही झालेलं नाही.”

दादानं पोपटाचा हात धरला आणि कुठे भाजलंय का बघावं तसा चाचपत राहिला.

वाटेत पोपट म्हणाला, “तुला आवाज ओळखू आला नाही, त्यात तुझा काय दोष?”

“पहिल्या ओरडण्यालाच वाटलं होतं रे, अगदी आपल्या धाकट्यासारखा ओरडतोय. तरी दाबलं.”

दुसऱ्या दिवशी पोपटानं काम सोडलं. “माझ्या दादाचं काय?” त्यानं विचारलं.

प्राध्यापकांना प्रश्नच कळला नाही. “त्यांना सगळं खरं सांगितलंय की आपण!”

दादा दुकानात केस कापायचा, पण वस्तरा त्यानं पुन्हा हातात धरला नाही. “भावोजी, ह्यांना झालंय तरी काय?” वहिनी पोपटाला विचारायची.

एकदा पोपटाचं बोट दारात चेंगरलं. डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं ओठ घट्ट मिटले. बाहेरच्या खोलीत दादा बसला होता.