सरफराजभाईंचं गुरुवारचं इंग्रजी

सरफराज मुलाणी इंग्रजी शिकायला निघाले आणि संगणकशास्त्रात जाऊन पडले, याला कारण माझा अंगठा.

भोसरीत एका संस्थेने कामगारांसाठी फुकट वर्ग काढले होते. सरफराजभाईंना ‘प्राथमिक इंग्रजी’ हवं होतं. फॉर्म मोबाइलवर भरायचा होता, आणि आमच्या गल्लीतले असले फॉर्म मीच भरतो. कुणी सांगितलेलं नाही, हौस आहे. त्या दिवशी चष्मा घरी राहिला, अंगठा एक ओळ खाली टेकला आणि सरफराजभाई ‘प्राथमिक संगणकशास्त्रा’त दाखल झाले. चूक कळेपर्यंत इंग्रजीच्या जागा भरून गेल्या होत्या. तोंड पाडून सांगायला गेलो, तर त्यांनी एवढंच विचारलं, “तिथं शिकवतात कुठल्या भाषेत?”

“इंग्रजीत.”

“मग बसतो तिथंच. कानावर तर पडेल.”

इंग्रजी त्यांना मिरवायला नको होतं. बावीस वर्षं ते एकाच शेडमध्ये एकाच लेथवर उभे होते. मालकांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं की शेड आता गोदामाला जाणार आणि मशिनं विकली जाणार. चाकणच्या एका कंपनीत संगणकावर चालणाऱ्या लेथसाठी बारा माणसं घेणार होते. वयाची अट पंचेचाळीस, आणि सरफराजभाईंना मार्चमध्ये ती ओलांडायची होती. परीक्षा फेब्रुवारीत, संगणकावर, सगळी इंग्रजीत. म्हणजे संधी ही एकच. नंतर चाकणला जायचं तर फक्त कुणाच्या लग्नाला.

वर्ग गुरुवारी असायचा, कारण कारखान्यांची सुट्टी तेव्हा; भोसरीचा रविवार गुरुवारी येतो. शिकवायला योगिनी मॅडम. हिंजवडीच्या कोंडीतून सुटून यायच्या, तेव्हा त्यांचाच चेहरा शिफ्ट संपल्यासारखा असायचा. पहिल्या दिवशी त्यांनी चहा करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहायला सांगितल्या. शेजारच्या बाकावरच्या तेजलने, म्हणजे कॉलेजातल्या पोरीने, सहा लिहिल्या. सरफराजभाईंनी सतरा लिहिल्या. त्यात गॅस बंद करणं दोनदा होतं.

त्यांची शब्द पाठ करण्याची रीत त्यांचीच. वर्गात आलेला शब्द दुसऱ्या दिवशी खडूने लेथवर. सळई आत जाते तिथं ‘इनपुट’, तयार पीस पडतो तिथं ‘आउटपुट’, दिव्याच्या बटणावर ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’. दोन महिन्यांत त्या लेथला डोळे-नाक सोडून सगळं फुटलं.

शेडमधला माल तपासणारा इन्स्पेक्टर गणराज एकदा म्हणाला, “भाऊ, मलाबी एखादं लेबल लावा की.”

“तुझा शब्द अजून धड्यात आला नाही राव. आला की कपाळावरच लिहितो.”

हा गणराज वयाने त्यांच्या निम्मा, पण लेथपुढे त्याचा मान मोठा. सकाळी मशिन लावल्यावर पहिला पीस काढायचा आणि त्याच्याकडे न्यायचा. तो मापणार, चिठ्ठीवर सही करणार, मग दुसरा पीस. सही होईस्तोवर हाताची घडी. इन्स्पेक्टर चहाला गेला असेल तर तो वेळ इन्स्पेक्टरच्या माथी, ऑपरेटरच्या नाही. उमेदवारीच्या दिवसांत सरफराजभाईंनी एकदा घाई करून सहीआधी दोनशे पीस काढले होते. दोनशेच्या दोनशे भंगारात गेले. तेव्हापासून आजवर त्यांनी बिनसहीचा दुसरा पीस काढलेला नाही, आणि ही गोष्ट ते नमाजाइतक्याच गंभीरपणे सांगतात.

वर्गातही तेच. एक गणित सुटलं की हात वर. योगिनी मॅडम येऊन “करेक्ट” म्हणायच्या, की पुढचं. तेजलची पाच व्हायची तोवर यांचं दुसरं चालू. “काका, नेक्स्ट दाबा ना,” ती कुजबुजायची. “दाबतो गं, मॅडमना येऊ दे,” हे उत्तर ठरलेलं. मॅडमना ते गोड वाटायचं. मलाही. आमच्या दोघांच्याही बुद्धीची ही तऱ्हा.

घरी उजळणी सादिकाभाभींपुढे. भाभींना शब्द फुकटात यांच्याआधी पाठ झाले. एका जेवणाला सरफराजभाई ताट पुढे करून म्हणाले, “रिपीट.”

“कंडिशन फॉल्स,” भाभी म्हणाल्या. “पातेलं एम्प्टी आहे.”

ते हसले, पण ताट धुवायला उठले तेव्हा त्यांना ‘एम्प्टी’ आठवेना. असं होऊ लागलं होतं. गुरुवारी वीस शब्द यायचे, बुधवारपर्यंत नऊ उरायचे, आणि त्या नवांतले चार जुनेच असायचे. जानेवारीत लेथ बघायला गिऱ्हाइकं येऊ लागली. एकाने बोटाला थुंकी लावून ‘इनपुट’ पुसला आणि खालचा रंग तपासला. सरफराजभाईंनी तो गेल्यावर परत लिहिला. दुसऱ्याने ‘आउटपुट’ पुसला. तोही लिहिला. तिसऱ्याने भाव ठरवला.

परीक्षेच्या सकाळी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. गेटवर पाचएकशे माणसं, निम्मी डिप्लोमावाली, त्यांच्या पोरांच्या वयाची. सरफराजभाई इस्त्रीच्या शर्टात, खिशात शब्दांची चिठ्ठी. ती गार्डने काढून घेतली.

“तीस मिनिटं, वीस प्रश्न,” मी म्हणालो. “घाबरू नका. सावकाश करा.” हा सल्लाही माझाच, हे नोंदवून ठेवतो.

बाहेर आले ते खुशीत. “पहिला प्रश्न वाचला आणि राव, एक शब्द अडला नाही! सगळा कळला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.” टपरीवर त्यांनी माझ्या चहाचेही पैसे दिले. बाकीच्या प्रश्नांचं मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतका उजेड मी आधी पाहिला नव्हता.

निकाल आठवड्याने माझ्या मोबाइलवर आला, कारण परीक्षेचा फॉर्मही मीच भरलेला, त्यात नंबर माझा. शेडवर गेलो तर त्यांची लेथ टेम्पोत चढत होती. दोरखंडाखालून ‘आउटपुट’मधला ‘आउट’ तेवढा दिसत होता. सरफराजभाई ती नीट बांधली आहे का बघत होते. विकली गेली तरी धक्का बसू नये म्हणून खाली गोणपाट त्यांनीच सारलं होतं. मी मोबाइल पुढे केला. आता चष्मा होता, दोनदा वाचून खात्री केली होती. सोडवलेले प्रश्न, एक. बरोबर, एक.

त्यांनी वाचलं. स्वतः, इंग्रजीत. मोबाइल मला परत दिला आणि दोरखंडाची गाठ पुन्हा ओढून पाहिली.

टेम्पो गेला. माझ्याच्याने राहवेना.

“सरफराजभाई, अर्धा तास होता हातात. दुसरा प्रश्न घेतला का नाहीत?”

“पहिल्यावर कुणी सही केली होती?”