धाकटीचंही माप

मैत्रिणींनो, दुपारपासून मशीनवर बसलेय, पण एक शिलाई सरळ येत नाहीये.

पंचवटीतलं माझं शिवणकामाचं दुकान तुम्हाला माहीत आहेच. आज मागच्या गल्लीतल्या वहिनी दोन्ही मुलींना घेऊन आल्या. थोरली वैशाली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, धाकटी अकरावीत.

"वैशूचं लग्न ठरलं. पाच ब्लाउज टाकायचेत."

"आणि कॉलेज?"

"आता कशाला? चांदवडला मोठं घर आहे. हिला काही काम नाही. अंथरुणावरच्या सासूचं करायचं, दोन दीर आणि गडीमाणसांचा स्वयंपाक. बस!"

"आणि वैशूचा भाऊ काय करतो?"

"त्याचे चार विषय राहिलेत. पण शिकू दे, मुलाला डिग्री लागतेच."

वैशाली हात वर करून उभी होती. स्वतः अकरावीत असताना ड्रेसला खिसा मोठाच हवा म्हणून हीच माझ्याशी भांडली होती. आज गळा किती खोल हवा, तेही आईनेच सांगितलं.

"आत दोन इंच कापड ठेवा ताई, पुढे अंग भरेल."

निघता निघता वहिनींनी धाकटीला पुढे केलं. "आलोच आहोत तर हिचंही ब्लाउजचं माप लिहून ठेवा."

पोरीच्या अंगावर मीच शिवलेला कॉलेजचा ड्रेस होता. कोणी न सांगताच तिने हात वर केले.

आणि मी माप घेतलं.

खरं सांगा, तुम्ही टेप खाली ठेवली असती का?