रिझर्व्हवर राहिलेला कॉक

मोताळ्याच्या आमच्या घरामागच्या शेडचे पत्रे यंदा बदलायचे ठरले, म्हणून आतलं सामान काढायला मी बुलढाण्याहून दोन दिवस आलो होतो. सोयाबीनची रिकामी पोती, फवारणीचे दोन मोडके पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी असं एकेक काढत मागच्या भिंतीशी पोचलो, तर ताडपत्रीखाली बाबांची मोटरसायकल उभी. ती तिथे आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पस्तीस वर्षं मी त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत होतो, एवढंच.

काळी टू-स्ट्रोक गाडी. पेट्रोलमध्ये मापानं ऑइल मिसळावं लागायचं, आणि त्या धुराचा वास बाबांच्या सदऱ्यांना कायमचा बसला होता. बाबा शिक्षक. शाळेच्या मैदानावर त्यांनीच मला गाडी शिकवली. मी क्लच झटक्यानं सोडला की मागून ओरडायचे, "अबे हळू! बैल हाकलून राह्यला का?" पुढे मी स्वतःला मोठा तरबेज समजू लागलो. दोन्ही बाजूंना कपाशी, मधून नांदुऱ्याचा रस्ता आणि शर्टात भरलेला वारा. विशीतल्या माणसाला राजा व्हायला तेवढं पुरतं. त्या आठवणीनं अजूनही बरं वाटतं, हे कबूल करतो.

ज्यांनी असल्या गाड्या चालवल्या नाहीत त्यांना एक सांगायला हवं. पेट्रोल किती उरलं हे दाखवणारा काटा आमच्या गाडीला नव्हता. टाकीखाली एक कॉक होता. गाडी भुकभुक करत बंद पडायला लागली की तो मेनवरून रिझर्व्हवर फिरवायचा, मग तळाशी राखलेलं पेट्रोल मिळायचं. याला 'गाडी रिझर्व्हला लागली' म्हणायचं. पेट्रोल भरलं की कॉक आठवणीनं परत मेनवर. ते राहून गेलं, तर पुढच्या खेपेला राखीव पेट्रोलही गुपचूप जळून जातं आणि गाडी भलत्या ठिकाणी कोरडी पडते. ही चूक एकदाही केली नाही असा गाडीवाला आमच्या तालुक्यात शोधून सापडला नसता.

त्या दिवशी बाबा शाळेच्या कामानं बाहेर होते. मी कुणाला न विचारता गाडी काढली आणि नांदुऱ्याला सिनेमा पाहून आलो. परतताना गाडी रिझर्व्हला लागली. कॉक फिरवला, दिवेलागणीच्या आत घर गाठलं आणि गाडी होती तशी उभी केली. रिझर्व्हचं सांगितलं असतं तर सिनेमाही बाहेर आला असता. सकाळी पेट्रोल भरून आणू असं म्हणून मी मोकळा झालो.

सकाळी उठलो तेव्हा गाडी जागेवर नव्हती. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, देऊळगाव राजाला राहायचे. त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात आणल्याचा निरोप पहाटे आला होता. एका लग्नातल्या मानपानावरून दोघा भावांची चार वर्षं बोलचाल बंद होती, आणि आता मोठेबाबा "धाकट्याले बोलवा" म्हणत होते. बाबा तोंडावर पाणी मारून तसेच निघाले होते.

राजूरच्या घाटात गाडी बंद पडली. बाबांचा हात सवयीनं कॉककडे गेला, तर तो आधीच रिझर्व्हवर. त्यांनी गाडी रस्त्यावर आडवी केली, कारण तसं केलं की टाकीच्या दुसऱ्या अंगाला राहिलेलं थेंबभर पेट्रोल कॉककडे येतं. त्यावर एक वळण चढले. मग ढकलत राहिले. शेवटी एका ट्रकवाल्यानं त्यांना घेतलं. ते दवाखान्यात पोचले तेव्हा मोठेबाबांना जाऊन अर्धा तास झाला होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या चाचांना घेऊन मी गाडी आणायला घाटात गेलो. चाचांनी टाकी हलवून पाहिली आणि म्हणाले, "कोरडी ठण्ण आहे. बाकी काहीच नाही झालं गाडीले." कॉकला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर बाबा त्या गाडीवर कधी बसले नाहीत. लोकांनी विचारलं की "बिघडली" एवढंच सांगत, आणि शाळेत सायकलनं जात.

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. चोराच्या मनात चांदणं, तसं मी महिनोन्‌महिने त्यांचा चेहरा न्याहाळत होतो. मग हळूहळू मी माझी समजूत घातली, की बाबांना सगळं कळलंय आणि त्यांनी मोठ्या मनानं मला माफ केलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे तर मी माझ्या पोरांना आजोबांच्या मोठेपणाचे दाखले देऊ लागलो. इतका निलाजरेपणा माणसाला जमतो.

तर परवा ती गाडी मी ढकलत अंगणात आणली. दोन्ही टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेलं. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. काठी टेकत आले, वाकले आणि बोटानं कॉकवरची धूळ पुसली.

"घाटातल्या त्या दिवसाच्या आठ दिवस आधी मी पेट्रोल भरलं होतं," ते म्हणाले. "तवा हा मेनवर कराचा इसरलो. पम्पावरचं सारं आठवते मले. कोण होतं, काय बोललो, सारं. हे तेवढं आठवत नाही. कितीदा आठवून पाह्यलं."

मला आधी समजेचना. मग समजलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मला माफ केलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी गुन्हेगार ते स्वतः होते.

"तुह्या मोठीआईच्या पाया पडलो होतो मी," ते सांगत होते. "म्हटलं, वहिनी, माह्या चुकीनं भाऊ माही वाट पाहत गेला. तवापासून माहा माह्यावरच भरवसा नाही राह्यला."

मी गप्प बसू शकलो असतो. कॉकनं काही सांगितलं नसतं, आणि बाबांच्या मनातला त्यांचा शहाणा मुलगा शाबूत राहिला असता. पण त्यांचं बोट अजून त्या कॉकवरच होतं, आणि माझ्याच्यानं ते बघवेना.

"बाबा, तुम्ही विसरला नव्हता," मी म्हणालो. "तो मी फिरवला होता."

मग सगळं सांगितलं. नांदुरा, सिनेमा, परतीची वाट, झोप.

"कोणता सिनेमा होता?" त्यांनी विचारलं.

मला आठवेना. खरंच आठवेना. मरणाची लाज वाटली.

बाबा खुर्चीत बसले. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि हात जोडले, तर त्यांनी ते खाली केले.

"मले काऊन जोडतं? वहिनीजवळ जे माफी मांगाची होती ते तुही होती बे. मी मांगून आलो."

मोठीआई अजून आहेत, देऊळगाव राजालाच, नव्वदीत. मी म्हणालो, "उद्या जातो, त्यांना सांगतो."

"उद्या नाही, आजच," बाबा म्हणाले, आणि काठी टेकून उभे राहिले. "अन् मी बी येतो. तिच्यासमोर तुह्या तोंडून आयकाचं आहे मले, का मी इसरलो नव्हतो."