बॅटरीचा पहारेकरी

आज जप अर्धाच राहिला, देव सांभाळून घेईल. घाईघाईत अक्षर वेडंवाकडं येतंय. पण हे लिहून झाल्याशिवाय मला स्वयंपाक सुचायचा नाही.

आमचे हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. ते पोटासाठी. जीव सगळा मागच्या गॅलरीतल्या टेबलावर. तिथे सोल्डरिंगचा धूर, बिस्किटांच्या डब्यांत सुटे पार्ट आणि खिळ्यांना टांगलेल्या पकडी. गल्लीत त्यांना 'टेस्टर' म्हणतात, ते काही उगीच नाही. नवं हत्यार घरात आलं की आधी त्याची परीक्षा. कटर आला की जाड तार, बारीक तार, खिळा, सगळं तोडून बघायचं. मीटर आला की जुन्या मीटरशी ताडायचा. मागे मला ताप भरला, तर यांनी घरातले दोन्ही थर्मामीटर आधी कोमट पाण्यात बुडवून पाहिले. म्हणाले, "मोजणाऱ्यालाच आधी मोजायचं असतं." मी म्हटलं, "अहो, तोवर माझा ताप उतरेल." आणि उतरलाच!

अंगणातली गाडी सासऱ्यांची. ते गेल्यापासून यांनी तिला लेकरासारखं जपलंय. पण अलीकडे तिने एक खोड धरली होती. आठवडाभर उभी राहिली की सुट्टीच्या दिवशी ढिम्म. किल्ली फिरवली की नुसती टकटक. मग हे स्टीअरिंगवर आणि मागून ढकलायला थोरले दीर, मी आणि समोरचा शिंपी. बॅटरी नवी घातली, तरी तेच. शिंपी तर हल्ली सकाळी बाह्या वर करूनच उभा राहायचा. "काय वहिनी, आज व्यायाम आहे ना?"

गेल्या सुट्टीला दीर वैतागले. "अरे, ही गाडी आहे की हातगाडी? मी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. पुढच्या सुट्टीला येतोय तो."

यांचा चेहरा पडला. "दादा, बाबांची गाडी आहे रे."

"बाबा असते तर त्यांनीच विकली असती. बरं, एक कर. त्या दिवशी कुणी हात न लावता एका किल्लीत चालू झाली, तर राहील. नाही तर तिच्या जागी माझी स्कूटर सावलीत लागेल."

हे तडक कामाला लागले. गाडी बंद असतानाही बॅटरीतून करंट कुठेतरी गळत होता, त्याची वाट शोधायची होती. बॅटरीच्या वायरमध्ये मीटर जोडला आणि तो माझ्या हातात दिला. स्वतः डॅशबोर्डखाली उताणे. बाहेर फक्त पाय दिसत होते. ज्या फ्यूजला आकडा पडेल तिथे गळती, म्हणून ते एकेक फ्यूज काढायचे आणि आतून ओरडायचे, "पडला का आकडा?"

"नाही!"

"आता?"

"जागचा हलत नाही हो!"

सगळे फ्यूज निघाले, आकडा तस्साच. हे बाहेर आले, घामाने थबथबलेले. म्हणाले, "मीटरच खोटं बोलतोय." मीटर दुसऱ्या मीटरशी ताडला. दोघांचं एकमत. मग त्या दुसऱ्यावर संशय, म्हणून तिसरा आणला. दीर खुर्चीतून म्हणाले, "आता मीटरच्या मीटरच्या मामालाही बोलाव!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

हे मात्र हसले नाहीत. बॅटरीकडे टक लावून बघत राहिले. तिथून एक बारीक लाल वायर थेट आत गेली होती, वाटेत एकही फ्यूज नाही. ती यांचीच. दोन महिन्यांपूर्वी यांनी एक छोटी डबी बनवून गाडीत बसवली होती. बॅटरी उतरायला लागली की पिंपिं करून सांगणारी. तिचं नाव ठेवलं होतं पहारेकरी. पहारेकऱ्याचं जेवण कधी तुटू नये म्हणून त्याला थेट बॅटरीवरच जोडलं होतं. तो रात्रंदिवस जागा, आणि जागं राहायला खात होता ती बॅटरीच. बंद गाडीत त्याचं पिंपिं कुणाला ऐकू जात नसे, आणि बॅटरी संपली की ओरडायलाही त्याच्यात जीव उरत नसे!

"अगं," हे पुटपुटले, "जगातलं सगळं तपासलं. मी बनवलेलं तेवढं तपासायचं राहिलं."

कुणी काही बोलायच्या आत यांनी कटर उचलला आणि वायर तोडली. माझ्या हातातला आकडा धाडकन खाली आला, जवळजवळ शून्यावर! मी अशी किंचाळले की शिंपी मशीन सोडून धावत आला.

पण खरी कसोटी पुढेच होती. बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडी उभी ठेवली. आठवडाभर तिला हात लावायचा नाही. यांना जेवण गोड लागेना. दुकानातून आले की गाडीभोवती घिरट्या. "नुसतं बॉनेट उघडून बघतो गं."

"खबरदार! भाजी शिजताना दर मिनिटाला झाकण काढतं का कुणी?"

सकाळ-संध्याकाळ मी देवाला साकडं घालत होते. देवा, यांच्या हाताला यश दे.

आज सकाळी सगळे अंगणात. शिंप्याने आज बाह्या वर केल्या नव्हत्या, हात मागे बांधून उभा होता. तेवढ्यात फाटकासमोर भंगारवाल्याचा टेंपो येऊन थांबला. यांचा हात किल्लीवर, आणि ओठ पांढरे.

"लाव की," दीर म्हणाले.

यांनी किल्ली फिरवली. घर्र... आणि गाडी अशी गरजली की वळचणीचे पारवे उडाले! सासूबाईंनी टाळ्या पिटल्या, मी तिथेच हात जोडले. हे आत बसून लहान पोरासारखे ॲक्सिलरेटर दाबत होते, थांबतच नव्हते.

भंगारवाला कानात बोट घालत म्हणाला, "ही द्यायची म्हणता? हिच्यात तर माझ्या टेंपोपेक्षा दम आहे."

यांनी भावाकडे पाहिलं. दीरांनी पलीकडे जाऊन पुढचं दार उघडलं, शेजारच्या सीटवर बसले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "अहो, टेंपो मागे घ्या! आम्हाला गाडी बाहेर काढायचीय."