चष्मा घरी राहिला

सकाळपासून शहरात भटकत, मनात येईल ते वहीत टिपत होतो. बसथांब्यावर एका मावशींनी विचारलं, “चष्मा घरी राहिला बाळा. मार्केट यार्डाची बस आली की सांगशील?”

माझी आईही परक्या माणसाला हेच सांगते. तिच्याकडे चष्मा कधी नव्हताच, तिला वाचताच येत नाही. मी घरातला पहिला पदवीधर, आणि ते मिरवतोही. सगळ्यांसमोर बोलून गेलो, “मावशी, चष्मा असता तर वाचता आलं असतं का?”

दोघेतिघे हसले. लाज झाकायला माणसाला एवढासाच आडोसा लागतो. तोही मी ओढून घेतला.

पुढची बस आली तशा मावशी कुणालाही न विचारता चढल्या. पाटीवर ‘स्टेशन’ लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, पण हाक मारायला माझं तोंड उघडलं नाही.