मृणालच्या समोरची भिंत

माझी भाची मृणाल कोल्हापुरात फुटबॉल खेळते, गोलकीपर आहे. गेल्या मोसमात धावत आलेल्या एका खेळाडूचा गुडघा तिच्या कपाळावर बसला. जखम भरली, पण नंतर कुणी अंगावर धावून आलं की तिचे डोळे आपोआप मिटायचे. प्रशिक्षकांनी मग व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा लावून तिचा सराव सुरू केला. एका सकाळी मी तो बघायला गेलो.

रिकाम्या हॉलमध्ये ती एकटीच हात पुढे करत होती, मध्येच दचकून मागे सरकत होती. मला समोर नुसती भिंत दिसत होती.

"किती जणी येतात गं अंगावर?" मी विचारलं.

"एकच, मामा. पण दरवेळी ती तेव्हाचीच वाटते."

जवळच्या माणसाच्या मनातली भीती बाहेरून अशीच दिसत असावी. आपल्याला भिंत दिसते आणि आपण "काही नाही होत" म्हणत राहतो. मीही कित्येक महिने तेच म्हणत आलो होतो.

थोड्या वेळाने ती दोन पावलं पुढे झाली, गादीवर झेपावली आणि हात लांबवून तशीच पडून राहिली.

"अडवलास बॉल?"

"नाही, गोल झाला," ती म्हणाली. "पण आत जाईपर्यंत बॉल बघितला मी."